निपल दिले, ग्रीस कोण देणार?

मागच्या रब्बीच्या तोंडावर एका गावी ज्वारीच्या बीजप्रक्रियेवर बोलायला गेलो होतो. बोलणे झाले, किलोभर बियाण्याला चार ग्रॅम गंधक कसे चोळायचे ते करून दाखवले, चहा आला. मंडळी उठायच्या बेतात असताना एक तरुण पुढे सरकला. त्याने वस्तीवरून डाळिंबाचे क्रेट डांबरी सडकेपर्यंत आणायला एक जुनी जीप घेतली होती.

"सायेब, पुढचं टायरॉड एंड आन् पाट्याचं शॅकल बदलायचंय. मिस्त्री म्हणतोय निपलवालं घाल, ग्रीस मारता येतंय. दुकानदार म्हणतोय सीलबंद घाल, जन्मात बघाय नको. काय करू?"

भोवतीची मंडळी हसली. एक म्हातारबाबा म्हणाले, "आरं, ते शेतीचं सायेब हायती, गाडीचं न्हवं."

हसण्यासारखे होते खरे. पण वाचकहो, मला हसू आले नाही. हाच प्रश्न २०११ साली माझ्या थोरल्या भावाने मला विचारला होता आणि मी त्याला एका शब्दात उत्तर दिले होते. त्या एका शब्दाची किंमत माझ्या वहिनीने मोजली. म्हणून त्या पोराला म्हटले, "बस जरा." त्याला जे सांगितले तेच आज तुम्हाला सांगतो. आता वस्तीवस्तीवर जीप नाहीतर पिकअप, ट्रॅक्टर नाहीतर ट्रॉली उभी असते, आणि हा प्रश्न आज ना उद्या तुमच्याही दारात येणार आहे.

ज्यांनी गाडीखाली कधी डोकावून पाहिले नाही त्यांच्यासाठी आधी थोडे. गाडीच्या चाकांना जोडणारे जे सांधे हलतात, वळतात, तिथे लोखंडावर लोखंड घासते. पाटे जिथे टांगलेले असतात ते शॅकल, पुढचे चाक ज्याच्यावर वळते ती किंगपिन, स्टिअरिंगचा दांडा जिथे चाकाला जोडतो तो टायरॉड एंड, हे सगळे असले सांधे. काही सांध्यांना बोटाच्या पेराएवढी एक निपल असते. तिच्या टोकाला बारीक गोळी आणि मागे स्प्रिंग. ग्रीस पंपाचे तोंड तिच्यावर दाबले की गोळी मागे सरते, ग्रीस आत जाते. पंप काढला की गोळी पुन्हा दार लावून घेते. सीलबंद सांध्याला निपल नसते. कारखान्यातच ग्रीस भरून वर रबरी टोपी चढवलेली असते. ती टोपी आहे तोवर तो सांधा.

मी पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातून १९९२ साली बी.एस्सी. झालो आणि १९९५ मध्ये नोकरीला लागलो. पहिली नेमणूक माण तालुक्यात. खात्याची जीप होती, जुनी, विलीजच्या घडणीची. या घडणीची जीप दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी निघाली आणि स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे खेडोपाडी सरकारी माणसांना घेऊन हिंडली. तिला चिखल, धोंडे, ओढे यांतून जायचे होते, म्हणून तिच्या अंगावर जिथे तिथे निपल. आमच्या जीपला वीस-बावीस तरी असतील.

त्या जीपवर जे चालक होते त्यांना सगळे कचेरीत मामा म्हणत. दर शनिवारी दुपारी मामा लिंबाच्या झाडाखाली गाडी उभी करायचे, चाकांना धोंडे लावायचे, पोत्याचे तरट अंथरायचे आणि खाली शिरायचे. मी नवशिका, दुपारी काम नसले की शेजारी उकिडवा बसायचो. कॉलेजात मी शिकलो होतो की ग्रीस म्हणजे तेलात मिसळलेला एक तऱ्हेचा साबण. कॅल्शियमचा, सोडियमचा, लिथियमचा. मामांना यातले काही ठाऊक नव्हते. ते म्हणायचे, "सायेब, निपल म्हंजी गाडीचं त्वांड. त्वांड दिलंय तितं घास द्याया लागतो."

त्यांची पद्धत पाहण्यासारखी असे. आधी फडक्याने निपल लख्ख पुसायची. न पुसता पंप लावला तर वरची मातीच आपण आत ढकलतो, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले. मग दांडा दाबायला लागले की सांध्याच्या कडेने आधी काळे, मग करडे आणि शेवटी स्वच्छ पिवळे ग्रीस बाहेर येई. पहिले काळे ग्रीस ते माझ्या बोटावर द्यायचे. "चोळून बगा. कचकचतंय का? ह्यो माणचा फुफाटा."

वाचकहो, निपलचा सगळा गुण त्या कचकचीत आहे. नवे ग्रीस जाणे हा एक भाग झाला. त्याहून मोठी गोष्ट अशी की नवे ग्रीस आत जाताना जुने, धुळीने भरलेले, पाणी शिरलेले ग्रीस बाहेर ढकलून देते. सीलबंद सांध्यात एकदा माती शिरली की ती बाहेर यायला वाट नाही. ग्रीस आणि माती मिळून तिथे कानशीच तयार होते. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी काढली, तर मामा शनिवारची वाट पाहत नसत. चालून तापलेला हब थंड पाण्यात बुडला की आतली हवा आक्रसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. त्याच संध्याकाळी बाहेरून पोहोचतील तेवढ्या निपलांना ग्रीस मिळे. हबच्या बेअरिंगना मात्र तसे भागत नाही, ती उघडून, धुऊन पुन्हा भरावी लागतात. मामा तेही करत.

मी तिथे चार वर्षे होतो. त्या चार वर्षांत त्या गाडीची किंगपिन बदलल्याचे मला आठवत नाही. एवढ्यावरून मी मनाशी पक्के केले की निपलवाले तेच चांगले. निपल मी पाहिल्या होत्या. मामांचे शनिवार मात्र मोजले नव्हते.

आता घरची गोष्ट. आमची शेती दादा पाहतो. घर वस्तीवर, रस्ता मुरमाचा, मधे ओढा आणि ओढ्याअलीकडे एक बऱ्यापैकी उतार. दादाने दुधाचे कॅन आणि चारा वाहायला एक जुनी जीप घेतली होती. २०११ च्या जून महिन्यात त्याचा फोन आला. मी तेव्हा कोल्हापूरकडे होतो, खरिपाची धांदल, पुढ्यात बैठक. "आरं, टायरॉड एंड बदलायचाय. दोन जातीचं मिळतंय. कंचं घेऊ?"

"निपलवालं घे," मी म्हणालो. "आणि ग्रीस पंप मी विकत घेऊन ठेवतो, दिवाळीला येताना आणतो."

पंप मी खरेच घेतला. चांगला घेतला. तो माझ्या खोलीतल्या माळ्यावर राहिला. दिवाळीला मुलांच्या पिशव्यांत, फराळाच्या डब्यांत त्याची आठवण झाली नाही. संक्रांतीला आठवण झाली, पण मी गावी गेलो नाही. दादाने मागितला नाही. तो कधीच काही मागत नाही.

२०१२ चा तो उन्हाळा माणमधल्या माणसांना सांगायला नको. विहिरी आटल्या होत्या. जीप दुधापेक्षा पाण्यासाठी जास्त चालू लागली. दोनशे लिटरची तीन पिंपे मागे भरली की सहाशे किलोचे ओझे होते, वर माणसे. एप्रिलमधली सकाळ होती. दादा चालवत होता, वहिनी शेजारी बसली होती. उताराला लागल्यावर दादाच्या हातातले स्टिअरिंग एकदम हलके झाले. तो सांगतो, "पंचांगातली पानं उलटावी तसं नुसतंच फिरत हुतं." एंडमधली गोळी खोबणीतून निसटली होती. एक चाक आपल्या मनाने डावीकडे वळले, जीप बांधावर चढली आणि आडवी झाली. पिंपे सुटली. वहिनीचे उजवे मनगट दोन ठिकाणी मोडले, दादाचा गुडघा फुटला. चाक उजवीकडे वळले असते तर तिकडे ओढ्याची दरड होती.

मी रात्री पोहोचलो. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने तो एंड कापून माझ्या हातावर ठेवला. आत ग्रीसचा मागमूस नव्हता, तांबड्या गंजाची पूड होती. आणि निपलवर दुकानातून आलेली प्लॅस्टिकची टोपी जशीच्या तशी होती. दहा महिन्यांत तिथे एकदाही पंप लागला नव्हता. मिस्त्री म्हणाला, निपलवाला माल पुष्कळदा आत नावापुरतेच ग्रीस घेऊन येतो. गाडीला चढवल्याबरोबर आपण भरायचे असते. सीलबंद एंड असता तर कारखान्यातल्या भरलेल्या ग्रीसवर तो ह्या दहा महिन्यांत बहुधा तरला असता. म्हणजे माझ्या भावाच्या गाडीला, ती ज्या परिस्थितीत होती त्या परिस्थितीत, मी सांगितला तो माल हलका आणि दुकानदाराचा माल भारी ठरला होता. खात्यात पंधरा-सोळा वर्षे काढलेल्या माणसाला हे कबूल करणे जड जाते.

दादा काही बोलला नाही. वहिनी बोलली. हाताला प्लास्टर, भाकरी शेजारची पोर थापत होती, आणि चुलीपाशी बसल्या बसल्या तिने मला विचारले, "भावजी, मामंजींच्या बैलगाडीखाली वंगणाचा नळा टांगलेला असायचा. गाडी जाईल तितं वंगण. तुमचा पंप कुठं टांगलाय?"

मी म्हणालो, "माळ्यावर."

त्या रात्री मला आमच्या वडिलांची गाडी आठवत राहिली. तुंबा कोरडा पडला की चाक करकरायचे, शेताच्या पार पलीकडच्या बांधावर ऐकू जायचे. ज्याची गाडी करकरते त्याला वाटेने चार माणसे बोलायची. वडील खाली उतरायचे, नळ्यातली तेलात भिजलेली चिंधी काढायचे, आसाला फिरवायचे आणि पुढे निघायचे. बैलगाडी भूक लागली की ओरडते. जीपचा सांधा ओरडत नाही. खडखडतो, पण जीपच्या मूळच्या खडखडाटात त्याचे वेगळे खडखडणे कोणाला ऐकू येणार?

त्यानंतर मी या गोष्टीकडे नीट लक्ष घातले. मिस्त्र्यांपाशी बसलो, पुस्तके चाळली, उसाच्या पट्ट्यातल्या ट्रॉल्यांखाली शिरलो. त्यातून जे हाती लागले ते सांगतो.

पहिली गोष्ट, सगळ्याच सांध्यांना ग्रीस लागत नाही. पाट्यांच्या डोळ्यात रबरी बुश असेल तर तिथे लोखंड घासतच नाही. रबर पिळ खाते आणि परत येते. त्याला ग्रीस मारणे म्हणजे त्याचे आयुष्य कमी करणे, कारण खनिज तेलाने साधे रबर फुगते आणि मऊ पडते. आपल्याकडे पावसाळ्याआधी गाडी धुवायला नेली की खालून जळके तेल फवारून देतात आणि आपण खूश होतो. गंजाला ते बरे असेल, पण रबरी बुश आणि टोप्या त्यात भिजू देऊ नका. शिवाय फुफाट्याच्या रस्त्यावर तेलकट पाट्यांवर धूळ बसून जी लापशी होते ती पाटेच झिजवते. माझे मत विचाराल तर फुफाट्याच्या गावात पाटे कोरडे ठेवलेले बरे. काही लोकांना हे पटत नाही, त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

शॅकलमध्ये पितळी किंवा लोखंडी बुश असेल, तर मात्र ग्रीस हवेच. तिथल्या निपलवाल्या बोल्टला आतून भोक असते, ग्रीस जाण्यासाठी. भोक पाडले की लोखंड तेवढे कमी झाले. सीलबंद किंवा रबरी बुशाच्या कामाला लागणारा भरीव बोल्ट त्याच जाडीत जास्त दणकट. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचेही तसेच आहे. म्हणून अवजड ओझ्याच्या गाडीला भोकाचा बोल्ट घ्यायचा तर मोठ्या जाडीचा आणि नावाजलेला घ्या, स्वस्तातला नको.

ग्रीस मारण्यातही रीत आहे. किंगपिनला आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या अ‍ॅक्सलच्या सेंटर पिनला ग्रीस मारताना जॅक लावून वजन उचला, कारण वजनाखाली दोन अंगे एकमेकांवर घट्ट बसलेली असतात आणि जिथे ग्रीसची सगळ्यात जास्त गरज तिथेच ते जात नाही. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, ठोकळे लावा. रबरी टोपीच्या एंडला टोपी जराशी फुगली की थांबा. जोर लावून मारत राहिलात तर टोपी फाटते आणि मग निपल असून नसल्यासारखी. पंप दाबूनही ग्रीस आत न जाता बाहेरच पसरत असेल तर निपलची गोळी अडकली आहे. डिझेलने धुऊन पाहा, नाही सुटली तर निपल बदला. तिची किंमत ती काय, पण बुजलेली निपल वर्षानुवर्षे तशीच ठेवून तिच्यावर दर महिन्याला इमानाने पंप लावणारे लोक मी पाहिले आहेत.

ग्रीस कोणते? कॅल्शियमचे ग्रीस पाण्याला दाद देत नाही, पण साधे असेल तर उष्णतेला विरघळते. हबच्या बेअरिंगमध्ये ते चालत नाही. सोडियमचे उष्णता सोसते, पाण्यात टिकत नाही. लिथियमचे दोन्ही बेताने सोसते, म्हणून शेतावरच्या माणसाने दोन नंबर घट्टपणाचे लिथियम ग्रीस एकच घ्यावे आणि सगळीकडे तेच वापरावे. एका डब्यातले संपले की दुसऱ्या जातीचे त्यात मिसळू नये. दोन जाती एकत्र आल्या की पुष्कळदा पातळ होऊन वाहून जातात.

आणि सीलबंद सांधा घेतला म्हणजे सुटलो असे नाही. दुकानदार म्हणतो जन्मभर. जन्म कोणाचा, ते तो सांगत नाही. तो त्या सांध्याचा जन्म, गाडीचा नव्हे. बाभळीचा काटा रबरी टोपीत घुसला की त्याचा जन्म तिथेच संपायला लागतो. महिन्यातून एकदा हात घालून टोपी चाचपा. एकाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडे थोडे हलवायला सांगा आणि आपण एंडवर बोटे ठेवा. दांडा हलतो पण चाक मागून येते असे जाणवले, तर तो एंड त्याच दिवशी बदला. ही परीक्षा दोन्ही जातींना सारखीच लागू.

हे सगळे सांगून झाल्यावर मी त्या डाळिंबवाल्या पोराला विचारले, "तुझ्या घरी ग्रीस पंप आहे?"

"न्हाई."

"गाडी कोण चालवतं?"

"कदी मी, कदी चुलता. हंगामात रोजंदारीवरचा डायवर."

"ओढा लागतो?"

"दोन."

मग मी म्हणालो, दोन ओढे आणि फुफाटा, म्हणजे माल निपलवालाच योग्य. पण पंप आज विकत घेणार असशील, चढवल्याबरोबर ग्रीस भरणार असशील, आणि तुमच्या तिघांतल्या एकाचे नाव ठरवणार असशील तर. तिघांचे काम म्हणजे कोणाचेच नाही. ते जमत नसेल तर लाजू नकोस, दुकानदाराचे ऐक, चांगल्यातला सीलबंद घे आणि टोपीवर नजर ठेव. तो बराच वेळ विचार करत होता. म्हणाला, "चुलत्याला जमंल. त्यो बैलं राखलेला मानूस हाय." त्याने काय घेतले ते मला कळलेले नाही. पुढच्या खेपेला गेलो की पाहीन.

आमच्या घरी ती जीप २०१९ साली विकली. आता ट्रॅक्टर आहे, ट्रॉली आहे, म्हणजे निपला कमी नाहीत. पंप गोठ्यात खुंटीला असतो, विळ्याशेजारी. आमच्याकडे अमावस्येला औत धरत नाहीत. बैल गेले तरी दादाने तो दिवस पाळायचे सोडले नाही, म्हणून ग्रीसला तोच दिवस नेमला आहे, आणि नेमला वहिनीने. अमावस्येला सकाळी चहा झाला की ती फडके घेऊन ट्रॅक्टरपाशी जाते, एकेक निपल पुसते आणि दादाला हाक मारते. तिचे मनगट अजून पुरते वळत नाही, पंपाचा दांडा तिला दाबवत नाही. नळी ती धरते, दांडा दादा दाबतो.